भरल्या गाडीचं माप

"उतरवा म्हन्जे? साठ जार उतरवन कोन, तुमी?"

फाटकावरच्या चौकीदाराला एवढ्या सरळ प्रश्नाची सवय नव्हती. त्यानं काठीनं भिंतीवरची पाटी दाखवली. कामासाठी आणताना गाडी रिकामी करून आणावी, असं तिच्यावर हिंदीत आणि मराठीत लिहिलेलं होतं.

"वाचता येते मले," पिकअपच्या खिडकीतून रेणू म्हणाली. "दोन बार खालीच आनली होती. धुऊन आनली होती, पावन्याकडं जातेत तशी. काय झालं? आता बाराच्या आत कामठ्याले लग्नात पानी पोचवाचं हाये. मानूस देत असान तं उतरवा, नाई तं बाजूले व्हा."

तिच्या मागे तीन गाड्या लागल्या होत्या आणि तिघांनीही हॉर्नवर हात ठेवला होता. एप्रिल संपत आला होता, सकाळी नऊलाच डांबर मऊ झालं होतं. चौकीदारानं कंटाळून फाटक ढकललं.

गोंदिया शहराबाहेरच्या त्या कंपनी वर्कशॉपमध्ये चौथ्या क्रमांकाच्या जागेवर दसरू मडावी उभा होता. त्याला हे सगळं ऐकू आलं. गाडी त्यानं आवाजावरून ओळखली, पण नजर रेणूच्या कपाळावर गेली. डाव्या भुवईच्या वर चार टाके होते, नवे, काळ्या दोऱ्याचे. मागच्या महिन्यात ते नव्हते.

गाडी चालवणारा तिचा सासरा यादोराव बिसेन खाली उतरला. दवनीवाड्याला त्यांचा पाण्याचा प्लँट आहे. थंड पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार आजूबाजूच्या गावांत, दुकानांत, लग्नांत पोचवायचे, एवढाच धंदा. यादोराव कमी बोलणारा माणूस. तो दसरूकडे आला आणि म्हणाला, "दसरूभाऊ, डावं टायर फुटलं. मंगळवारी. नहराच्या पुलावर."

"कोनाले लागलं?"

"हिलेच. काच लागली. गाडी कठड्याले टेकून थांबली म्हून." त्यानं उजव्या चाकाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "उजवं पाहा. तेही त्याच रस्त्यानं चाललं."

दसरू वाकला. टायर बाहेरून पाहिलं तर कुणीही नवं म्हणावं. नक्षी खोल, काळी, जशीच्या तशी. पण आतल्या कडेला, गाडीच्या पोटाकडे, रबर संपलं होतं आणि कापडाचे धागे बाहेर आले होते. हे टायर घालून सात हजार किलोमीटरही झाले नव्हते. यादोरावच्या जुन्या गाडीचं टायर चाळीस हजार चालत असे. ही गाडी घेऊन चौदा महिने झाले होते आणि पुढच्या टायरांची ही तिसरी जोडी होती.

"मागच्या वेळचा चाकांच्या मापाचा कागद हाये माझ्यापाशी," रेणू म्हणाली. तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद काढला. त्यावर गाडीच्या चारही चाकांचं चित्र होतं आणि सगळे आकडे हिरवे छापलेले होते. खाली सही होती. "हे सही कोनाची?"

"माझीच," दसरू म्हणाला.

"आन् हे त्याच्या आधीची?"

"तेही माझीच."

तिनं कागद परत घडी केला. पिशवीत ठेवला. ती आरडाओरड करती तर दसरूला बरं वाटलं असतं.

त्या कागदाची दसरूला किळस येत असे. ही किळस एका दिवसात आलेली नव्हती. सहा वर्षांत ती हळूहळू साचली होती, नळाच्या तोटीवर क्षार साचतो तशी. शोरूमच्या काचेआड फवारलेला गोड वास, चहाच्या यंत्रातून येणारं गढूळ पाणी, दर सोमवारी उभं करून म्हणायला लावलेलं 'ग्राहक देवता' आणि त्यानंतर लगेच त्या देवतेबद्दल होणाऱ्या चेष्टा. हे सगळं तो सहन करत असे. पण यंत्रातून हिरवा कागद सरकत बाहेर आला, की त्याच्या तोंडात कडू येई.

कारण तो कागद खोटा आहे, हे दसरूला माहीत होतं.

दसरू सडक अर्जुनीकडचा. जंगलातल्या एका लहान गावात जन्मला, आठवीपर्यंत शिकला आणि महामार्गावर एका सरदारजीच्या हाताखाली चाकं सरळ करायला शिकला. पुढे त्याची स्वतःची टपरी झाली. नागपूरहून रायपूरकडे जाणारे ट्रक तिथं थांबत. यंत्र नव्हतं. दोन दोऱ्या, एक टेप आणि खडू. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची आणि कोणतं चाक किती तिरकं आहे ते पाहायचं. त्याचा एकच नियम होता. रिकामा ट्रक तो घेत नसे. 'भरून आना,' म्हणे. 'खाली गाडी खोटं बोलते.'

हे कसं, ते कोणत्याही मुलाला समजेल. माणूस पायांचे पंजे बाहेर फाकवून चालला तर त्याची चप्पल एकाच कडेनं झिजते. गाडीच्या चाकांचंही तसंच आहे. ती समोर पाहत असली पाहिजेत. जरा बाहेर फाकली, तरी टायर रस्त्यावर फिरण्याऐवजी घासत जातं. आता तोच माणूस रिकाम्या हातानं नीट चालतो आणि पाठीवर पोतं दिलं की त्याचे पाय फाकतात. त्याचे पाय तपासायचे असतील तर पोतं खाली ठेवून तपासून काय उपयोग?

जुन्या पिकअपला पुढे एक आडवा लोखंडी आस असे. दोन्ही चाकं त्यालाच बसवलेली. वर कितीही भार टाका, चाकं जागची हलत नसत. नवी गाडी तशी नाही. ती कारसारखी मऊ चालावी म्हणून पुढचं प्रत्येक चाक वेगळं टांगलेलं आहे. मागे भार पडला की मागचा भाग बसतो, पुढचं तोंड उचलतं आणि टांगलेली चाकं फाकतात. डोळ्यांना दिसणार नाही इतकीच, पण रोज ऐंशी किलोमीटर. गाडी वाईट आहे असं नाही. तिचं माप भार ठेवून घ्यायला हवं, इतकंच.

टपरी रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. दसरू गोंदियाला आला, खोली घेतली आणि या वर्कशॉपमध्ये लागला. पहिल्याच महिन्यात त्यानं तेव्हाच्या मॅनेजरला सांगितलं होतं, साहेब, पिकअप भरून मोजू. मॅनेजर हसला होता. सगळे हसले होते. "काका, दोरी का जमाना गया." त्यानंतर एकदाही तो बोलला नाही. उलट कुणी भरलेली गाडी आणली, की तोच हात वर करून म्हणू लागला, खाली करून आना भाऊ.

"चढवा रॅम्पवर," दसरू यादोरावला म्हणाला.

"अशीच? भरलेली?"

"अशीच. चार टन पेलते तो."

यादोरावनं गाडी सावकाश चढवली. जारांचं पाणी आतल्या आत हिंदकळलं. दसरूनं चारही चाकांना यंत्राचे पंजे लावले. रेणू बाजूला उभी राहून पाहत होती.

"किती वजन असन हे?" त्यानं विचारलं. त्याला उत्तर येत होतं, तरी विचारलं.

"पान्याचं वजन काय लपते का?" रेणू म्हणाली. "एका जारात वीस लिटर, म्हन्जे वीस किलो. साठ जारांचे बाराशे. खाली जार किलोभराचा, ते साठ. बाराशे साठ झाले. गाडीची पासिंग तेराशेची हाये. एकसष्टवा जार आमी ठेवत नाई. मामाजी ठेवूच देत नाईत."

"काऊन?"

"दरवाजा नीट लागत नाई," यादोराव म्हणाला.

दसरूला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. पडद्यावर आकडे आले होते. मागची दोन्ही चाकं हिरवी. पुढची दोन्ही लाल. नुसती लाल नाही, मर्यादेच्या दुपटीबाहेर. यादोरावला त्या आकड्यांचा अर्थ कळत नव्हता, पण रंग दिसत होता.

"हे लाल काऊन झालं? मागच्या वेळी तं हिरवं होतं."

"मागच्या वेळी गाडी खाली होती."

"मंग खरं कोनतं?"

"तुमी खाली गाडी घेऊन फिरता का?"

यादोरावनं मान हलवली. तो पडद्याकडेच पाहत होता. रेणूनं मात्र पडद्याकडे पाहिलं नाही. ती दसरूकडे पाहत होती.

"दसरूभाऊ, तुमाले हे आज समजलं?"

खोटं बोलायला ही चांगली वेळ होती. आज समजलं, म्हणता आलं असतं. दसरूनं पान्याला लागलेलं ग्रीस कापडानं पुसलं. मग पुन्हा पुसलं.

"नाई," तो म्हणाला. "आधीपासून माहीत होतं मले."

"आन् दोनदा सही केली?"

"केली."

"तं सांगाले काय झालं होतं तुमाले?" तिचा आवाज चढला नाही. ती खरंच विचारत होती. "आमी जार उतरवत होतो ना पहाटे उठून, तुमची पाटी वाचून. मी आन् मामाजी, दोघंच. साठ जार उतरवाचे, गाडी आनाची, परत चढवाचे. तुमी एक बार म्हन्ले असते का बाई, राहू दे, भरलेलीच आन. तोंड दुखलं असतं का तुमचं?"

दसरूनं कापड खिशात कोंबलं. शेजारच्या जागेवर एक कारागीर हवेच्या बंदुकीनं नट खोलत होता. यादोराव म्हणाला, "रेणू, राहू दे." ती म्हणाली, "राहूच देऊन राहिलो आपन, मामाजी. चौदा महिने." आणि ती रॅम्पपासून दूर, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात काचेचं दार उघडून हिमांशू आला. वर्कशॉपचा मॅनेजर, वय तिशीच्या आत, शर्ट नेहमी इस्त्रीचा. तो वाईट मुलगा नव्हता. दसरूला तो काका म्हणत असे आणि दिवाळीला त्याच्या बायकोसाठी, जमुनाबाईंसाठी, साडी पाठवत असे. त्यानं आधी गाडी पाहिली, मग जार, मग पडदा.

"काका, ये लोडेड क्यों चढाया?"

"भरून मोजली."

"प्रिंट नहीं निकालना इसका. जरा केबिन में आइये."

केबिनमध्ये थंड हवा होती आणि तो गोड वास जास्त होता. हिमांशूनं टेबलावरचा एक कागद दसरूसमोर सरकवला. वर यादोरावच्या गाडीचा क्रमांक होता. खाली छापलेलं होतं की क्षमतेपेक्षा जास्त भार वाहिल्यामुळे पुढील टायरांची अकाली झीज झाली असून वाहनात दोष आढळला नाही, सबब मालकाचा दावा अमान्य करावा. त्याच्या खाली तंत्रज्ञाची सही, अशी मोकळी रेघ.

दसरूनं कागद दोनदा वाचला. कोपऱ्यात छापल्याची वेळ होती. आठ वाजून चाळीस मिनिटं. त्या वेळी गाडी फाटकाबाहेर होती.

"हे तं गाडी यायच्या आधीच छापलं."

"क्लेम के लिए बिसेनजी का फोन आया था ना कल. नागपूर ऑफिसवरून मेल आलाय, आजच पाठवायचं आहे." हिमांशू मराठी आणि हिंदी एकाच ताटात वाढत असे. "आप साइन कर दो बस. बाकी मैं देख लूंगा."

"त्याइनं जास्त भार नेला नाई, साहेब. साठ जार आहेत. मोजा."

"काका, पिकअपवाले सब ओव्हरलोड करतात. आपल्याला माहीत आहे."

"बाकीचे करत असतीन. ह्याइनं नाई केला."

हिमांशूनं खुर्चीत मागे टेकून डोळे चोळले. मग दसरूला ज्याची अपेक्षा नव्हती असं काही केलं. खालच्या खणातून त्यानं एक जाड पुस्तक काढलं, गाडीबरोबर कारखान्यातून येणारं, आणि एक पान उघडलं. पानात आधीच चिठ्ठी घातलेली होती.

"ये देखो. लिहिलेलं आहे इथे. चाकांचं माप घेताना ठरलेला भार ठेवावा. आप सही बोल रहे हो. मला माहीत नाही असं समजू नका."

दसरूनं पान पाहिलं. इंग्रजी त्याला पुरतं वाचता येत नव्हतं, पण शेजारी चित्र होतं. पिकअपच्या हौद्यात गोण्या रचलेल्या आणि खाली चाकांना पंजे लावलेले. दोरीचा जमाना गेला म्हणून त्याच्यावर हसणाऱ्यांच्या खणात हे पुस्तक पडून होतं.

"मंग काऊन नाई करत आपन?"

"वाळूच्या गोण्या कोण चढवणार, कोण उतरवणार? एका गाडीला दीड तास. मला रोज अकरा गाड्या दाखवायच्या असतात, काका. लिखा तो बहुत कुछ है."

त्यानं हे लाजून सांगितलं नाही, उद्धटपणानंही नाही. पंख्याचं बटण कुठं आहे ते सांगावं तसं सांगितलं. दसरूनं पुस्तक मिटून परत सरकवलं. इतके दिवस त्याला वाटत होतं, ही माणसं अडाणी आहेत, त्यांना कळत नाही, आणि कळणारा आपण एकटाच गप्प आहोत. तसं नव्हतं. सगळ्यांनाच कळत होतं. सगळे मिळून गप्प होते आणि तोही त्यांच्यातलाच एक होता. सहा वर्षं स्वतःला वेगळा समजत आला होता, त्याचीही त्याला शिसारी आली.

"त्या पोरीच्या कपाळावर टाके आहेत, साहेब."

"पाहिले मी." हिमांशू टेबलाकडे पाहत म्हणाला. "मला बरं वाटत नाही, काका. पण हा दावा मान्य केला तर उद्या पन्नास पिकअप फाटकात उभ्या राहतील. आणि प्रत्येकाच्या कागदावर आपलीच सही आहे. आपकी. सोच लो."

दसरूनं पेन उचललं. हिमांशूनं पंख्याचा वेग उगाच वाढवला. दसरू सावकाश लिहीत असे, अक्षर मोठं, शाळेतल्यासारखं. रेघेवर त्यानं लिहिलं : 'भार साठ जार, पासिंगच्या आत. मी स्वतः भरून मोजली. चाके फाकतात. आधी दोन वेळा मी रिकामी मोजली होती, ते माप चुकीचे.' आणि खाली सही केली. दसरू लखू मडावी. पूर्ण नाव, जसं तो फक्त बँकेत लिहीत असे.

हिमांशूनं ते वाचलं. कागद फाडला नाही. शांतपणे बाजूला ठेवला आणि संगणकावर तोच मजकूर पुन्हा छापायला दिला.

"धर्मेंद्रला पाठवा जरा आत," तो म्हणाला. धर्मेंद्र दुसऱ्या क्रमांकाच्या जागेवर काम करत होता, तेलबदलीचं. चाकांना त्यानं कधी हात लावला नव्हता. "आणि काका, गाडी खाली घ्या आता. लाइन लागलीय."

दसरू बाहेर आला. धर्मेंद्रला निरोप दिला. पण गाडी त्यानं लगेच खाली घेतली नाही. रॅम्पखालच्या खड्ड्यात उतरून त्यानं पुढच्या चाकांच्या आडव्या दांड्यांचे नट सैल केले आणि दांड्या थोड्या थोड्या फिरवू लागला. पडद्यावरचे आकडे हलू लागले. लाल आकडा अगदी मधोमध हिरवा झाला, तेव्हा त्यानं तो परत थोडा मागे घेतला.

यादोराव खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. "पुरा हिरवा काऊन नाई ठेवला?"

"जाताना तुमी भरून जाता. येताना खाली जार असतेत. दोन्हीकडं भागलं पायजे ना. भाराकडं जरा जास्त झुकवून ठेवलं." त्यानं नट आवळला. "आता टायर नवे घाला दोन्ही. पाच हजाराच्या वर चालले का आतून पाहा. एकसारखे झिजले तं समजा जमलं."

"कंपनी टायर देत नाई ना?"

"नाई देत."

"तुमी सही केली?"

"माझी केली. त्याइच्या कामाची नाई ते. दुसऱ्याची घेऊन राहिलेत."

यादोराव उठला. गुडघ्यावरची धूळ झटकली. त्याला आभार मानायचे होते की शिवी द्यायची होती, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "पावने अकरा झाले," आणि गाडीत बसला.

रेणू टाकीपासून परत आली. गाडीच्या मागे जाऊन तिनं एक जार ओढला, उचलला आणि दसरूच्या जागेवरच्या लाकडी स्टुलावर आणून ठेवला. दसरूला वाटलं ती काही बोलेल. "खाली जार फाटकावर ठेवजा. परवा घेऊन जाऊ," एवढंच ती म्हणाली. मग ती कपाळाला पदर लावून गाडीत बसली आणि गाडी कामठ्याच्या दिशेनं गेली.

आठ दिवसांत दसरूची जागा बदलली. कुणी रागावलं नाही, कुणी पत्र दिलं नाही. सोमवारी फळ्यावर चौथ्या क्रमांकासमोर धर्मेंद्रचं नाव होतं आणि दसरूचं नाव धुलाईसमोर होतं. हिमांशू म्हणाला, "काका, वय झालं. खड्ड्यात उतरणं किती दिवस करणार?" पगार तोच ठेवला होता. जमुनाबाईंनी घरी विचारलं, काय काम असते तिथं? दसरू म्हणाला, पानी मारतो. त्या म्हणाल्या, उन्हाळ्यात बरं हाये.

दावा नामंजूर झाला, हे त्याला चौकीदाराकडून कळलं. यादोरावनं टायर बाहेरून घेतले. त्यानंतर ती गाडी वर्कशॉपमध्ये आली नाही. टायर कसे झिजले, हे कळायला दसरूकडे मार्ग नव्हता.

अक्षय्य तृतीयेला बारा नव्या गाड्या द्यायच्या होत्या. सकाळपासून दसरू एकेक गाडी धुऊन, पुसून शोरूमच्या दारात लावत होता. तिथं झेंडूचे हार, लाल फिती आणि फोटोवाला तयार. टायरांना काळं चकचकीत तेल फासलेलं. त्या तेलाचा वास त्याच्या अंगाला दोन दिवस राहत असे.

सातवी गाडी पिकअप होती, यादोरावच्या गाडीसारखीच. घेणारा बिसराम, कामठ्याकडचा, नवा पांढरा सदरा घालून आलेला. त्याची बायको शामकला हातात पूजेचं ताट घेऊन चाकांभोवती फिरत होती. हिमांशूनं मोठी पुठ्ठ्याची किल्ली बिसरामच्या हातात दिली आणि फोटो झाला. लिंबं ठेवणारा पोऱ्या जेवायला गेला होता, म्हणून दसरूला बोलावलं. त्यानं चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं.

पुढच्या डाव्या चाकाशी वाकलेला असताना तो बिसरामला म्हणाला, "भाऊ, काय भरनार हे गाडीत?"

"धान, खत, जे भेटन ते."

"चाकांचं माप घ्याले याल ना, तं गाडी भरून आना. पासिंगएवढं भरून. खाली मोजू देऊ नोका. पाटीवर काहीही लिहो."

बिसरामनं त्याच्याकडे पाहिलं. गमबूट, ओला पायजमा, खांद्यावर फडकं. "तुमी धुवून द्या ना भाऊ चांगली," तो हसून म्हणाला. "बाकी साहेब लोक पाहतेत." त्यात अपमान नव्हता. तो आनंदात होता.

शामकला मात्र थांबली. तिनं ताटातला पेढा पुढे केला. दसरूनं साबणाचे हात दाखवले, तसा तिनं पेढा त्याच्या तोंडातच घातला, आणि म्हणाली, "काय भरून आना म्हन्ले तुमी?"

दसरूच्या तोंडात पेढा होता. त्यानं तो घाईनं गिळला, घशाशी अडकला, डोळ्यांत पाणी आलं. "गाडी," तो म्हणाला. "मोजाले आनान तेव्हा, भरलेली आना. खाली गाडीची चाकं सरळच दिसतेत, भार पडला का फाकतेत. टायर आतून झिजते. वरून दिसत नाई."

"आतून."

"हो. आतून."

काचेआडून हिमांशू पाहत होता. बिसरामनं हॉर्न वाजवला. शामकला ताट सावरत गाडीकडे निघाली, दोन पावलं गेल्यावर वळली. "सांगन मी त्याइले," ती म्हणाली, आणि चढली.

गाडी पुढे सरकली. चार लिंबं फुटली, टाळ्या वाजल्या, फोटोवाल्यानं आणखी एक फोटो काढला. मग दारातली गर्दी पुढच्या गाडीकडे वळली आणि आठवी गाडी लावायला जागा हवी म्हणून कुणीतरी दसरूला हाक मारली.

त्यानं पाइप उचलून फरशीवर पाणी सोडलं. झेंडूच्या पाकळ्या, कुंकू आणि लिंबाच्या बिया वाहत नालीकडे गेल्या. चिरडलेल्या साली मात्र जाळीपाशी अडकल्या. साली अडकल्या की नाली तुंबते आणि पाणी परत शोरूमच्या पायरीवर येतं. दसरूनं पाइप बाजूला ठेवला, जाळीपाशी बसला आणि त्या एकेक करून हातानं वेचल्या.